भिंगरीच्या गोळ्या

सोमवार

डॉक्टरीणबाईंनी एक तक्ता दिला होता. पोरगी काय खाते, कधी झोपते, कशाने चिडते ते त्यात भरायचं. तो तक्ता बसमध्ये राहिला की दवाखान्याच्या बाकावर, कोण जाणे. म्हणून ही डायरी काढली. आमच्या कारखान्यात येणाऱ्या सुताच्या एका एजंटाने कधीतरी फुकट दिलेली, वर्ष केव्हाच उलटून गेलेलं. तारखा जुळत नाहीत, तर नुसते वार लिहीन. आणि तक्ता मला भरायचाच नाहीये. मला जे म्हणायचंय ते त्या चौकोनांत मावणारं नाही.

भिंगरी माझी एकुलती एक, सोळा वर्षांची. नाव वेगळं आहे, पण ती चालायला लागली तेव्हापासून आईने, म्हणजे माझ्या आईने, हेच चालवलं. आता ती फिरत नाही, नुसती बसते. पुस्तक समोर आणि नजर तिसरीकडेच. वर्गशिक्षिकेने बोलावून सांगितलं, मुलगी हुशार आहे पण वर्गात असून नसते, कुणाला तरी दाखवा. दाखवली. निघालं काय, तर एडीएचडी. लक्ष टिकत नाही, डोकं स्वस्थ बसत नाही. मला वाटायचं हे पडद्यांना लोंबकळणाऱ्या मुलग्यांना होतं.

"मुलींचं उशिरा कळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या दंगा करत नाहीत ना, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही." मग भिंगरीला विचारलं, "खाणंपिणं कसं आहे?"

आणि या बयेने तिथे, परक्या बाईसमोर, सांगून टाकलं. दिवसभर भूक लागल्याचं कळतच नाही. घरी आलं की एकदम कळतं, आणि मग पोट दुखेपर्यंत थांबता येत नाही. चव लागत नाही, पण खाताना डोक्यातला गोंगाट थोडा वेळ कमी होतो. नंतर स्वतःची किळस येते.

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टरीणबाई मात्र मान डोलवत होत्या, पोरीने गणित बरोबर सोडवल्यासारख्या. म्हणाल्या, या दोन गोष्टी पुष्कळ बायकांमध्ये हातात हात घालून येतात. कंटाळलेल्या डोक्याला लगेच काहीतरी हवं असतं, आणि खाणं सगळ्यात जवळ असतं. हा हावरटपणा नाही.

म्हणजे हावरटपणालाही आता इंग्रजी नाव मिळालं.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"नाही," मी म्हटलं. मी तेव्हा पर्समध्ये चष्मा शोधत होते. तो डोक्यावर होता. हेही भिंगरीनेच सगळ्यांसमोर सांगितलं.

बुधवार

स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. बिस्किटं, पाव, जाम, सगळं आत. आई म्हणाली, "हे आधीच करायला हवं होतं." आई आमच्याकडे राहते, म्हणजे खरं तर आम्हीच तिच्या घरात राहतो, भिंगरीचा बाप गेल्यापासून. गेला म्हणजे वारला नाही, दुसऱ्या बाईकडे गेला. वारला असता तर निदान चार लोकांनी हळहळ तरी केली असती.

भिंगरी कुलपाकडे बघून म्हणाली, "डॉक्टरांनी असं कुठे सांगितलं?"

"डॉक्टर तुझं कपाट भरायला येत नाहीत."

ती दप्तर उचलून खोलीत गेली. तिच्या न बोलण्याचाच मला जास्त राग येतो.

गुरुवार

किल्ली सापडत नाही. सगळीकडे पाहिलं. शेवटी पेचकसाने कडी उचकटली. किल्ली भिंगरीने लपवली असणार.

लिहायचं तर खरं लिहावं. कपाट उघडल्यावर मी तिथेच उभी राहून पाव खाल्ला, जाम लावून, मग नुसता जाम चमच्याने. सकाळपासून काळी कॉफी सोडून पोटात काही नव्हतं. मी दुपारपर्यंत खातच नाही, मला लागतच नाही. डाएट आहे माझं. आणि ताटात न वाढता, उभ्याने, घाईत जे पोटात जातं त्याला काही मी जेवण म्हणत नाही.

संध्याकाळी कडी पुन्हा ठोकताना किल्ली माझ्याच एप्रनच्या खिशात निघाली. भिंगरीला सांगितलं नाही. उगाच शिरजोर होईल.

पुन्हा सोमवार

आमच्या कारखान्यात गणवेश शिवतात. हॉस्पिटलचे डगले, हॉटेलचे एप्रन, शाळांचे शर्ट. मी कटिंगला आहे. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वर खडूने आखायचं आणि विजेच्या सुरीने सगळे थर एकदम कापायचे. चुकलं तर एक बाही चुकत नाही, सगळा गठ्ठा चुकतो.

आज चुकला. सगळ्या बाह्या उजव्या. डाव्या हाताला काही नाही.

दोष काजवालीचा. ती काजाच्या मशीनवर बसते आणि सकाळपासून जावेची कहाणी सांगत असते. एकीकडे तिची जाऊ, एकीकडे रेडिओ, वर पंख्याची खरखर, समोरच्या खिडकीत कुणीतरी गालिचा झटकतंय. त्यात मला आठवलं की गॅस बंद केला का. मग घरी फोन. मग आखलेलं कुठपर्यंत आलं होतं ते शोधा.

मालकीणबाई आल्या, बाह्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. "तुझ्यासारखा हात या गावात दुसरा नाही," म्हणाल्या, "आणि तुझ्यासारखं डोकंही नाही. बाजार भरलाय त्यात."

मी म्हटलं, "रेडिओ बंद करा, मग बघा."

"रेडिओ बाकीच्या पंधराजणींनाही ऐकू येतो."

जेवणाच्या सुट्टीत जेवले नाही, शिक्षा म्हणून. घरी जाताना बेकरीतून केक घेतला आणि बसस्टॉपवरच संपवला. खोका शेजारच्या इमारतीच्या कचरापेटीत टाकला. आमच्या कचऱ्यात आई बघते.

शनिवार

भिंगरीच्या गोळ्या चालू झाल्या. सकाळी पोटभर खाऊन मगच घ्यायची, असं डॉक्टरीणबाईंनी मला तीनतीनदा बजावलंय, मी लहान असल्यासारखं. गोळीने भूक कमी होते, म्हणून आधी खायचं. वजन उतरलं तर लगेच कळवायचं.

गोळ्या माझ्याकडे असतात. रोज एक तिच्या हातावर ठेवते.

पोरगी बदलली, हे मान्य करायला हवं. टेबलाशी बसते ती उठत नाही. रसायनशास्त्राचा आख्खा धडा संपवून आली आणि चेहरा असा की कुणीतरी तिच्या पाठीवरचं ओझं उतरवलंय. पण मला दिसलं ते वेगळंच. संध्याकाळी ती कपाटाकडे फिरकली नाही. घरात बिस्किटांचा पुडा उघडा होता आणि तो तसाच राहिला.

आईलाही दिसलं. "गुणाची गोळी आहे," ती म्हणाली.

मंगळवार

कारखान्यातून टेप आणली होती, भिंगरीची कंबर मोजली. फरक आहे. चांगला फरक आहे. आता दर रविवारी मोजणार, असं तिला सांगितलं. मी म्हटलं, "बघ, जमतंय की तुला."

ती हात वर करून उभी होती, झडती चालू असल्यासारखी. म्हणाली, "काय जमतंय?"

"आता अंगावर कपडा बसेल नीट."

"आई, मला रसायनात पैकीच्या पैकी मिळाले."

"तेही छान झालं," मी म्हटलं. खरंच म्हटलं होतं. पण ती टेप माझ्या हातात परत देऊन निघून गेली. आजकालच्या मुलांना कौतुक कसलं हवं असतं तेच कळत नाही.

सकाळी ती खात नाही हल्ली. मीही आग्रह करत नाही. वाघ मागे लागल्यासारखं सकाळी कोण खातं?

रविवार

आज मी एक गोळी घेतली.

कशासाठी ते लिहायला लाज कसली, वजनासाठी. माझी अर्धी हयात निरनिराळ्या डाएटमध्ये गेली. कोबीचं सूप झालं, नुसती अंडी झाली, फळं झाली, उपाशी राहणं झालं. माझ्या लेकीच्या बाबतीत जे एका आठवड्यात झालं ते माझ्या बाबतीत एवढ्या वर्षांत झालं नाही. भिंगरीला सांगितलं, सुट्टीच्या दिवशी गोळी नको, सवय लागेल. आईने दुजोरा दिला. ती बिचारी मान हलवून गेली.

काय झालं ते आठवेल तसं लिहिते. आधी काहीच नाही. मग मी भांडी घासत होते आणि भांडी संपली. म्हणजे मी मध्ये कुठे गेले नाही, ओट्याकडे वळले नाही, फोन पाहिला नाही. घासली, संपली. नंतर उसवलेला पडदा टाचला, गेल्या वर्षीपासून राहिला होता. टेलिफोनच्या कंपनीला फोन करून तक्रार केली आणि ती पूर्ण ऐकवली. शांत वाटत होतं. शांत कसं सांगू, रेडिओ बंद केल्यासारखं. आमच्या घरात रेडिओ नाही.

कपाट उघडं होतं. आत काय आहे ते मला माहीत होतं आणि मला काही वाटलं नाही.

दुपारी मला उगाचच रडू आलं. पोट रिकामं असेल म्हणून असेल.

गोळी भूक मारते, बस. आणखी काही नाही.

गुरुवार

आता सुट्टीच्याच दिवशी असं राहिलेलं नाही. ज्या दिवशी मोठं कटिंग असेल त्या दिवशी घेते. भिंगरीला म्हणते, आज तुला परीक्षा नाही ना, मग राहू दे. ती वाद घालत नाही. मला वाटलं होतं घालेल.

मालकीणबाई आज टेबलापाशी थांबल्या. हॉस्पिटलची सगळी ऑर्डर कापून झाली होती, गठ्ठे बांधून, वर चिठ्ठ्या लावून. त्यांनी एक गठ्ठा उघडून डाव्या-उजव्या बाह्या पाहिल्या. बरोबर होत्या. गठ्ठा पुन्हा बांधून पुढे गेल्या. काजवाली म्हणाली, "तुला आज बरं नाही का? एकदाही खेकसली नाहीस माझ्यावर." मी म्हटलं, सांग तुझ्या जावेचं पुढे काय झालं. तिने सांगितलं. बरीच वाईट बाई आहे ती जाऊ. मला आजवर वाटायचं काजवालीच वाईट आहे.

माझी कंबर कमी होतेय.

रविवार

भिंगरी न्हाणीघरात सापडली, फरशीवर बसलेली. मांडीवर दुधाच्या पावडरीचा डबा, रिकामा. ओठांवर, बोटांवर, फ्रॉकवर पांढरं. काल गोळी नव्हती तिला, परवाही नव्हती.

मी तिला नाही नाही ते बोलले. सगळं लिहीत नाही. एक वाक्य लिहिते, कारण ते माझ्या तोंडातून निघताना मला ऐकू आलं. मी म्हटलं, "तुझ्याकडे बघून किळस येते." ती म्हणाली, "मला पण." मोठ्याने नाही, सहमती दिल्यासारखं.

आई बाहेरून म्हणाली, "डबा धुऊन ठेवा, मुंग्या लागतील."

बुधवार

शाळेतून फोन आला. भिंगरी प्रयोगशाळेत कोसळली, बाकाची कड लागून भुवई फाटली. मी कारखान्यातून तशीच धावले, खिशात खडू, गळ्यात टेप.

शिक्षिका म्हणाली, तिने सोमवारपासून शाळेत काही खाल्लं नव्हतं. डबा तसाच भरलेला होता, आणि कालचाही, आणि त्याखाली परवाचा, बुरशी आलेला.

दवाखान्यात टाके घालताना ती माझा हात धरत नव्हती. मी विचारलं, "का गं असं केलंस?"

"मोजणार होतीस ना रविवारी."

नर्सने माझ्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. मी ती काढून खिशात घातली. पाहू दे. तिला काय ठाऊक?

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि गोळ्या बंद केल्या. पुन्हा नीट खायला लागेपर्यंत बंद. उरलेल्या परत आणून द्या, म्हणाल्या.

इथे मी लिहिणार होते की मला पोरीची काळजी वाटली. वाटली. पण आधी जे मनात आलं ते हे की उद्या मोठं कटिंग आहे.

शुक्रवार

उरलेल्या गोळ्या परत दिल्या नाहीत. हरवल्या म्हणून सांगितलं. माझ्यासारखीचं हे कुणीही खरं मानतं.

पुढच्या आठवड्यात कधीतरी

संपल्या.

आणि सगळं परत आलं. गोंगाट, गॅस, चष्मा, किल्ल्या. दुप्पट होऊन आलं असं वाटतं, पण कदाचित एवढंच होतं, मला दुसरं काही माहीत नव्हतं. कारखान्यातून सुटल्यावर बेकरी. मग दुसरी बेकरी, पहिलीवालीला तोंड ओळखीचं झालंय म्हणून.

आज शाळेच्या शर्टांच्या कॉलरी कापायच्या होत्या. मी कापल्या, छान कापल्या, फक्त अस्तराचं कापड समजून मी दुसऱ्याच ऑर्डरचं चांगलं कापड टेबलावर घेतलं होतं. मालकीणबाईंनी मशिनी थांबवल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. ते बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "उद्यापासून पॅकिंगला बस."

"कटिंग कोण करणार?"

"कुणीही. तुझ्याहून वाईट हात चालेल मला. पण तो माणूस रोज तोच असला पाहिजे. मधे महिनाभर इथे एक बाई काम करत होती. ती कुठे गेली?"

पॅकिंगला शाळा सोडलेल्या पोरी बसतात. मी तिथे बसून घड्या घातल्या. काजवाली दुपारी तिच्या डब्यातलं अर्धं मला द्यायला आली, मी तिला हाकलून दिलं.

शनिवार

सकाळी भिंगरी अंडं उकडत होती. डॉक्टरांनी तिला वेळापत्रक दिलंय, दर काही तासांनी खायचं, भूक असो नसो, मोबाइलवर घंटी लावून. घंटी वाजली की ती मुकाट्याने खाते. मला ती घंटी कानात खिळा ठोकल्यासारखी वाटते.

मी म्हटलं, "बंद कर ते. माणसाला भूक लागली की कळतं."

"तुला कळतं?"

"तोंड सांभाळ."

"मी सांभाळते. तू माझ्या गोळ्या घेत होतीस."

मी पाणी पीत होते. ग्लास खाली ठेवला. आई हॉलमधून आत आली आणि दारातच उभी राहिली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मला पहिल्या रविवारपासून माहीत आहे."

"मग पाळत ठेवून होतीस माझ्यावर? आईवर? तेव्हाच का नाही बोललीस? मला चोर ठरवून मजा बघत बसलीस?"

तिने गॅस बंद केला. तिच्या भुवईवरच्या टाक्यांची खूण अजून लाल आहे. म्हणाली, "त्या दिवशी तू मला विचारलंस, शाळेत कसं चाललंय. आणि मग थांबलीस. मी सांगून होईपर्यंत थांबलीस, मधेच उठून गेली नाहीस, मधेच दुसरं काही आठवलं नाही तुला. मला वाटलं, मी गोळीबद्दल काही बोलले तर हे बंद होईल."

मी ग्लास धुवायला घेतला.

"म्हणून देत होते मी. तू घेत नव्हतीस, मीच देत होते."

माझा हात उठला होता. लागला नाही, पण उठला होता, आणि तिने तो बघितला. मग ती अंडं सोलायला लागली. सोलता सोलता म्हणाली, "मी डॉक्टरांना सांगितलंय. त्यांनी तुला बोलावलंय. नाही आलीस तर बाबांना फोन करणार आहेत त्या."

घरचा भेदी म्हणतात तो असा. दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही. तिनेही माझी मनधरणी केली नाही.

सोमवार

गेले. आईलाही सोबत आणायला सांगितलं होतं, का ते मला कळलं नव्हतं.

आजवर डॉक्टरीणबाई मला मुळमुळीत वाटायच्या. आज नव्हत्या. दार लागताच म्हणाल्या, "तुमचं हृदय कसं आहे, रक्तदाब किती आहे, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मुलगी आधीच उपाशी राहत होती आणि तुम्ही तिला कधी गोळी, कधी नाही, असं करत होतात. वर तिची कंबर मोजत होतात. तिची भुवई फाटली, डोळा जाऊ शकला असता. हे पुन्हा झालं तर मी गप्प बसणार नाही."

मी म्हटलं, "मला चार किलो कमी करायचे होते, बाकी काही नाही."

"मग भांडी का संपली?"

भिंगरीने तेही सांगितलं होतं. भांडी, पडदा, टेलिफोनची कंपनी. या पोरीचं लक्ष कुठेच नसतं म्हणे.

मी म्हटलं की ती गोळी कुणीही घेतली तर कामसू होईल. त्या म्हणाल्या, "शक्य आहे. गोळीवरून मी काही ठरवत नाही. मी तुमच्या लहानपणावरून ठरवते." आणि त्या आईकडे वळल्या. "ही लहानपणी कशी होती?"

आई खुर्चीत सरसावून बसली. तिला असं कुणी फारसं विचारत नाही. "ही? चपला शाळेत विसरायची, डबा शाळेत विसरायची. एकदा तर मी दुकानात पाठवली तर संध्याकाळी शेजारीण घेऊन आली, कुठे रंगकाम चाललंय ते बघत उभी राहिली होती. मास्तर म्हणायचे, हुशार आहे पण हजर नसते."

"मग तुम्ही काय करायचात?"

"डबा विसरली की दुसऱ्या दिवशी डबा नाही. मग घरी येऊन अधाशासारखी तुटून पडायची. पावाची पिशवीच्या पिशवी. म्हणून मी कपाटाला कुलूप घातलं. अकराव्या वर्षापासून दर रविवारी काट्यावर उभी केली, वाढलं असेल त्या दिवशी रात्री नुसतं ताक. म्हातारीचं कुणी ऐकत नाही, पण तशी वाढवली म्हणून तर आज दोन पैसे कमावते."

आई बढाई मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की तिने मला वाचवलं.

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं होतं. भिंगरी माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे बघत राहिले. सगळ्यात खालची ओळ मला वाचता येत नव्हती. या वेळी चष्मा डोळ्यांवरच होता.

"मला तपासा," मी म्हटलं. चांगल्या आवाजात नाही म्हटलं.

बुधवार

रक्त दिलं, ईसीजी काढला. अजून दोन बैठका आहेत, मग काय ते सांगतील. मी विचारलं, गोळी कधी? त्या म्हणाल्या, गोळीचं नाव इतक्यात काढायचं नाही. जी बाई दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी दोन बेकऱ्या गाठते तिला मी भूक मारणारी गोळी आंधळेपणाने देणार नाही. आधी खाणं रुळावर आणा. तोपर्यंत पोरीच्या गोळ्यांना, त्या पुन्हा सुरू झाल्या की, हात लावायचा नाही. त्या शाळेतली नर्स देईल.

मग मला आहारतज्ज्ञ बाईकडे पाठवलं. मला वाटलं, डाएट मिळेल. तिने सांगितलं, सकाळी खा. एवढंच. मी हसले. ती हसली नाही.

आईला म्हटलं, कपाटाची कडी काढून टाकतेय. ती म्हणाली, "मग तुझ्या लहानपणी मी जे केलं ते चूक होतं का?" मी पेचकस काढला. ती तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जेवायला आली नाही. मीही बोलवायला गेले नाही. माझ्यात तेवढी माया उरलेली नाही, निदान आज नाही.

शुक्रवार

मालकीणबाईंना सांगितलं, तपासण्या चालू आहेत. काय झालंय ते विचारलं त्यांनी. मी म्हटलं, बाजार भरलाय, तो उठवता येतो का बघतायत. त्या म्हणाल्या, उठला की ये, टेबल ठेवते. म्हणजे ठेवलेलं नाहीये, काजवालीची भाची करतेय कटिंग. तिच्या कडा खडबडीत येतात. मी घड्या घालताना बघते.

रविवार

भिंगरी आणि मी सकाळी समोरासमोर बसलो. पाव, अंडं, सफरचंदाच्या फोडी, दोघींपुढे सारखं. डॉक्टरांनी एकत्र खायला सांगितलंय. दोघींनाही ते नको होतं. तिच्या मोबाइलची घंटी वाजली तशी मी अंडं फोडलं.

मला सकाळी अन्न गिळवत नाही. ती माझ्या ताटाकडे बघत होती, मी तिच्या. शाळेतल्या बाईही अशा बघत नसतील.

"तू आधी," ती म्हणाली.

मी खाल्लं. मग तिने खाल्लं.

ती सांगायला लागली. प्रयोगशाळेतल्या नव्या सरांनी चुकीच्या बाटलीतलं काहीतरी ओतलं आणि सगळ्या वर्गाला बाहेर काढावं लागलं, अशी काहीतरी गोष्ट होती. मला ऐकायचं होतं, देवाशपथ ऐकायचं होतं. पण खाली कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती, आणि नळ ठिबकत होता, आणि मला आठवलं की कपडे भिजवलेत, आणि मी परत आले तेव्हा ती गप्प बसली होती.

आधीची मी असते तर म्हटलं असतं, हो हो, छान. मी म्हटलं, "मधलं गेलं माझं. बाटलीनंतरचं. पुन्हा सांग."

"नाही."

"सांग ना."

"तू ऐकत नाहीस."

"ऐकत नव्हते. होत नाही माझ्याने. सांग म्हणतेय तरी."

तिने पाव तोडला, चावला, गिळला. बराच वेळ लावला. माझ्याबद्दल तिच्या मनात काय आहे ते तिच्या तोंडावर दिसत होतं आणि ते काही चांगलं नव्हतं. मी उठून नळ घट्ट केला, खिडकी लावली, आणि परत येऊन बसले.

"एकदाच सांगेन," ती म्हणाली. आणि सांगितलं, आधीपेक्षा थोडक्यात, रागाने, माझ्याकडे न बघता. मी दोन्ही हात टेबलाखाली एकमेकांत अडकवून ठेवले होते. शेवटी सर स्वतःच आधी पळाले, असं होतं ते.